गोंड्यातला दोरा

"तोंड बंद आणि हात चालू," अण्णांनी मला तिसऱ्यांदा बजावलं. "जुना गोंडा मुळाशी कापायचा, नवा लाल बांधायचा आणि जुना तसाच्या तसा घरी आणायचा. उसवायचा नाही. ऐकतेस ना, द्वारके?"

"का नाही उसवायचा?"

"मी सांगतो म्हणून."

हे उत्तर मला जन्मात कधी पटलेलं नाही. नवऱ्यानं असंच उत्तर दिलं तेव्हा मी माझी ट्रंक उचलून एसटीत बसले होते, ती आजतागायत परत गेले नाही. पण अण्णा म्हणजे अण्णा. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं जाऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून त्यांचे हात म्हणजे मीच. राजवाड्यातल्या धाकट्या आईसाहेबांची तुळशीची जपमाळ तेवढी ते मला शिवू द्यायचे नाहीत. बाकी सगळं काम माझ्याकडे. मी मान हलवली, कात्री, मेणाचा गोळा आणि रेशमाच्या लडी पिशवीत टाकल्या आणि निघाले.

आम्ही पटवेकरी. सोनार दागिना घडवतो, पण मोती-मणी रेशमात ओवून, गाठी मारून, मागं गोंडा बांधून जो तो गळ्यात घालण्याजोगा करतो तो पटवेकरी. करंजगडच्या सरकारांचे दागिने चार पिढ्या आमच्याच घरानं पटवले. संस्थान गेलं, तनखे गेले, पागेत घोड्यांऐवजी खताची पोती आली, तरी गावात सरकार ते सरकारच. आमचं घरसुद्धा राजवाड्यामागच्या आळीत, सरकारांच्याच जागेवर होतं. पटवेकऱ्यानं सेवा करावी आणि राहावं, एवढ्या तोंडी बोलीवर. कागद नाही की पत्र नाही.

साल अठ्ठ्याहत्तर. मी पंचवीस वर्षांची होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. ते आजही नाही, पण आता केस पांढरे झाल्यामुळे लोक ऐकून घेतात.

दिवाणखान्यात पांढरी चादर अंथरली होती आणि तिच्यावर उघड्या पेटीत तो साज ठेवला होता. पाचूची चिंचपेटी, पाचूच्या कुड्या आणि सात सरांचा मोत्यांचा तन्मणी. तन्मण्याच्या मधोमध जो पाचू होता तो सुपारीएवढा तरी असेल. मी तोवर शेकड्यांनी दागिने हाताळले होते, पण त्या हिरव्याकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं, आपण हात धुऊन यायला पाहिजे होतं.

खुर्चीत बाळराजे बसले होते. चाळिशी उलटली, पोट सुटलं, मिशीत पांढरं आलं, तरी गावाला ते बाळराजेच. त्यांना राजवाड्याचं हॉटेल करायचं होतं. नकाशे झाले होते, रंगारी आले होते, आता हा साज विकून पुढचं काम सुरू होणार होतं. शेजारी मुंबईचे रसिकलालशेठ, जुन्या रत्नांचे व्यापारी. धोतर, काळी टोपी आणि डोळ्याला अडकवायचं भिंग. आणि भिंतीकडेला वेताच्या चिकाचा पडदा सोडला होता, त्याच्यामागं धाकट्या आईसाहेब बसल्या होत्या. परका पुरुष घरात असला की राणीसाहेबांनी चिकाआड बसायचं, ही त्यांच्याकडची रीत.

धाकट्या आईसाहेब म्हणजे बाळराजांच्या चुलती. बाविसाव्या वर्षी विधवा झाल्या, त्याला तीस वर्षं होत आली होती. राजवाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहायच्या. त्या दोन खोल्यांत आता हॉटेलचं स्वयंपाकघर व्हायचं होतं, आणि आईसाहेबांची रवानगी तीन मैलांवरच्या मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुणी काही बोलत नव्हतं.

मी चादरीवर बसले, भिंतीकडे तोंड करून. आमचं काम पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, पाय पुढं लांब करून करायचं असतं. सरकारांकडे पटवेकऱ्याचा पाय होऊ नये म्हणून आम्ही तिथं भिंतीकडेच तोंड करून बसायचं. माझे अण्णा असेच बसले, आजोबा असेच बसले.

"रेशीम कुजलंय," बाळराजे म्हणाले. "शेठ म्हणतात, मोती सांडतील. लाल गोंडा घाल झकास. आणि काम झालं की यावर सही कर. तुझ्या बापाचा, धोंडीरामचा, अंगठा मागाहून घेऊ."

त्यांनी एक स्टँपपेपर माझ्यापुढं सरकवला. मी सातवी पास. वाचता येणाऱ्या बाईपुढं कागद टाकू नये, ती वाचते. लिहिलं होतं की हा साज करंजगड संस्थानच्या जामदारखान्यातला, संस्थानच्या मूळपुरुषांच्या राणीसाहेबांचा. आणि आम्ही पटवेकरी चार पिढ्या तो लाल रेशमात पटवत आलो आहोत. जामदारखान्याचा दागिना लाल रेशमात पटवायचा हा नियम खरा होता. बाकीचं मला काय ठाऊक?

"सरकार, हा साज मी आज पहिल्यांदा बघतेय," मी म्हटलं. "चार पिढ्यांचं मी काय सांगू?"

झालं. तोंड बंद राहिलं ते एवढंच.

शेठ हसले. "ताई, राणीचं नाव लागलं की दाम दुप्पट. पण नाव खरं पाहिजे हं. खोट्या नावाचा माल माझ्या पेढीवर चालत नाही."

"खरंच आहे ते," बाळराजे म्हणाले.

"खोटं आहे."

हे चिकाआडून आलं. आवाज चढा नव्हता. मी आईसाहेबांना लहानपणापासून बघत होते, पण पुरुषमाणसांसमोर त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"हा साज माझा आहे," त्या म्हणाल्या. "तवनूरच्या देसायांच्या घरातला. आमच्याकडे तो आईकडून लेकीला जातो. माझ्या आईनं माझ्या गळ्यात मांडवात घातला."

"काकीसाहेब, पाहुण्यांसमोर हे नको," बाळराजे म्हणाले. "काकासाहेब गेले तेव्हा तुम्हीच उतरवून दिलात. वडलांनी तो जामदारखान्यात जमा केला. विषय तिथंच संपला."

"मी उतरवला नाही. सासूबाईंनी उतरवून घेतला. तुमच्या काकासाहेबांचे दिवससुद्धा झाले नव्हते."

"बरं. तुमचा म्हणून काही लेखी आहे का?"

"बायकांचं लेखी कोण करतं, बाळराजे? पण गोंड्यात आहे. पटवेकऱ्यांची पोर बसलीय ना तिथं? तिला विचारा, माहेरच्या दागिन्याच्या गोंड्यात काय असतं."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मला अण्णांचा शब्द आठवला, उसवायचा नाही. पण मला विचारलं होतं, आणि मला ठाऊक होतं, मग गप्प कशी बसू?

"माहेरचा दोरा असतो, शेठ," मी म्हटलं. "लेक सासरी निघाली की तिच्या आईच्या लुगड्याच्या काठातला एक दोरा ओढून काढतात आणि पटवेकरी तो गोंड्याच्या पोटात घालतो. वरून दिसत नाही. त्याला त्याच सरातला एक मोती बांधतात. राखीचा मोती म्हणतात त्याला, कधी सरातला हरवला तर लावायला. दागिना कितीदाही नव्यानं पटवा, दोरा काढायचा आणि नव्या गोंड्यात परत घालायचा. टाकायचा नाही. ज्याच्या हातून टाकला जाईल त्याचा हात झडतो म्हणतात आमच्यात."

"मला हे कुणी सांगितलं नाही," बाळराजे म्हणाले.

"पुरुषांना कोण सांगतंय?" मी म्हटलं.

शेठनी भिंग डोळ्यावरून काढलं. चिकाकडे वळून त्यांनी विचारलं, "बाईसाहेब, दोऱ्याचा रंग आठवतो का आपल्याला?"

"चार दोरे आहेत. चार आयांचे. हिरवा, काळा, पिवळा आणि सगळ्यांत शेवटी अंजिरी. अंजिरी माझ्या आईचा. तिच्या इरकलीचा काठ होता."

बाळराजे मोठ्यानं हसले. त्यांना खरंच गंमत वाटली असावी, बायकांचे खेळ म्हणून. "उसव गं," ते म्हणाले. "उसव आणि दाखव काकीसाहेबांना. एकदाचा हा घोळ मिटू दे."

मी गोंडा कापला. मांडीवर घेतला, कात्रीचं टोक घातलं आणि हळूहळू उसवला. आतून लाल रेशीम निघालं. त्याच्या आत आणखी लाल रेशीम. मी शेवटची लडसुद्धा मोकळी केली आणि चादरीवर पसरली.

काही नव्हतं. दोरा नाही, मोती नाही.

"झालं समाधान?" बाळराजे म्हणाले.

मला वाटलं आईसाहेब रडतील. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्याच तोंडानं मी मोठ्या रुबाबात रीत सांगितली होती आणि माझ्याच हातानं त्यांना खोटं पाडलं होतं. मग एकदम माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अण्णांना ठाऊक होतं. गोंडा रिकामा आहे हे अण्णांना आधीपासून ठाऊक होतं.

"सही," बाळराजे म्हणाले आणि पेन पुढं केलं.

"करत नाही."

"काय म्हणालीस?"

"घरी जाऊन येते म्हणाले. दहा मिनिटांत येते."

"द्वारका, तू कुणाच्या जागेवर राहतेस?"

"तुमच्याच, सरकार. म्हणून तर दहा मिनिटांत येते."

मी उसवलेलं लाल रेशीम मुठीत गोळा केलं आणि मागच्या दारानं पळत सुटले. अण्णा ओट्यावर बसून डाव्या हातानं लडी सोडवत होते. मी ते रेशीम त्यांच्या मांडीवर टाकलं.

"उसवलास," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"दोरा कुठं आहे, अण्णा?"

"हळू बोल."

"हळू बोलायची वेळ गेली. त्या बाईला मळ्यात टाकतायत कुत्र्यासारखं, आणि तिचा पुरावा तुम्ही गिळलात? दोरा कुठंय?"

त्यांनी हातातली लड खाली ठेवली. मग एकेक शब्द सुटू लागला. त्यांचं तोंड वाकडं झालेलं, त्यामुळे बोलायला त्रास व्हायचा.

"मोठ्या सरकारांनी बोलावलं. बाळराजांच्या वडलांनी. धाकटे सरकार जाऊन आठ दिवस झाले होते. हा साज पुढ्यात टाकला. म्हणाले, लाल रेशमात पटव आणि पोटातलं काय असेल ते चुलीत घाल. त्यांच्या मातोश्रींनी त्यांना सांगितलं असणार. बायकांशिवाय कळायचं कसं? मी म्हटलं, सरकार, टाकता येत नाही. ते म्हणाले, धोंडीराम, तू भाड्याच्या खोलीत किती दिवस राहणार? आळीत जागा देतो."

मी आमच्या घराकडे बघितलं. शेणानं सारवलेला ओटा, दारावरची गणपतीची फरशी, परड्यातला आईनं लावलेला शेवगा. त्या घरात मी जन्मले होते. मला त्या क्षणी त्या घराची शिसारी आली, खरं सांगते.

"म्हणजे हे घर त्या दोऱ्याचं आहे," मी म्हटलं.

"हो."

"आणि दोरा जाळलात?"

"नाही गं!" ते एकदम ओरडले. "मी पटवेकरी आहे. माझ्यानं कसा जळेल? चार आयांचा दोरा होता तो."

"मग कुठाय?"

"त्यांच्याच हातात आहे," अण्णा म्हणाले. "पुढच्या महिन्यात वाड्यावरून तुळशीचे मणी आले. धाकट्या आईसाहेबांना जपमाळ करून दे म्हणून निरोप होता. मी तिच्या गोंड्यात घातला. मोत्यासकट. दोन-तीन वर्षांनी माळ गाठवायला यायची, मी परत घालायचो. गेल्या साली आली तेव्हा..."

तेव्हा मी हसले होते त्यांना. एका हातानं, दातात दोरा धरून, महिनाभर ते ती माळ गाठवत बसले होते. मी म्हटलं होतं, द्या अण्णा, घटकाभरात करते. त्यांनी मला ती हातात दिली नाही. मला वाटलं, म्हातारपणाचा हेका.

"तीस वर्षं," मी म्हटलं, "ती बाई दोरा बोटांत धरून बसलीय आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"रोज आईच्या पदराला हात लागत होता ना तिचा," अण्णा म्हणाले आणि रडायला लागले. "माझ्यानं तेवढंच झालं. भ्यालो मी, द्वारके. तुझी आई गरोदर व्हायची, मुलं जायची. घर हवं होतं."

मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. पण दया करत बसायला वेळ नव्हता.

"उठा," मी म्हटलं.

"मी कशाला? तू जा, सांग."

"मी सांगितलं तर ती माझी बडबड होईल. तुम्ही सांगितलंत तर साक्ष होईल. उठा अण्णा, नाहीतर मी खांद्यावर घालून नेईन."

"घर जाईल."

"जाऊ दे खड्ड्यात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काठी मागितली. एरवी तीन मिनिटांची वाट, आम्हाला पाव तास लागला. ते माझ्या खांद्यावर भार देऊन एक पाय ओढत चालत होते. आळीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. एकीनं विचारलंच, कुठं निघाली स्वारी? मी म्हटलं, फेडायला.

दिवाणखान्यात शिरताना अण्णांची कंबर सवयीनं मुजऱ्याला वाकली. मी त्यांचा दंड धरून त्यांना सरळ उभं केलं.

"हा काय तमाशा आहे?" बाळराजे म्हणाले.

"सरकार, साज आईसाहेबांचा आहे," अण्णा म्हणाले. त्यांची जीभ अडखळत होती, पण प्रत्येक शब्द कळत होता. "दोरा मी काढला. मोठ्या सरकारांच्या हुकुमानं. लाल रेशीम मी घातलं. त्याच्या आधी हिरवं होतं."

"म्हातारपणी भ्रमिष्ट झालाय हा. वारं डोक्यात गेलंय."

"भ्रमिष्ट असतील तर आत्ता कळेल," मी म्हटलं आणि चिकाजवळ गेले. "आईसाहेब, जपमाळ द्या."

चिकाखालून एक हात बाहेर आला. गोरा, हाडकुळा, एकही बांगडी नसलेला. त्या हातात तुळशीची माळ होती. मी ती घ्यायला गेले तर बोटं सुटेनात. त्यांना अजून काही कळलं नव्हतं, पण तीस वर्षांची सवय होती ती.

"कापू का?" मी विचारलं.

"काप," त्या म्हणाल्या.

मी माळ शेठच्या पुढ्यात चादरीवर ठेवली. आता मला भीती वाटायला लागली होती. समजा अण्णांच्या डोक्याचा काही भरवसा नसला तर? समजा इथंही काही नसलं तर? घर गेलं, अब्रू गेली, आणि आईसाहेबांची दोनदा फजिती. मी हात लुगड्याला पुसले आणि मेरुमण्याखालचा तो पांढरा गोंडा उसवला.

आधी मोती बाहेर आला. घरंगळला आणि दोऱ्यानं अडला. मग दोरा आला. पीळ घातलेला, वीतभर. मी तो नखानं सोडवला. हिरवा. काळा. पिवळा, आता जवळजवळ पांढरा पडलेला. आणि अंजिरी.

"रंग सांग," चिकाआडून आईसाहेब म्हणाल्या.

मी सांगायला तोंड उघडलं. पण ते अण्णांनीच सांगितले, एकेक करून. अंजिरी म्हटल्यावर आतून एक हुंदका आला, एकच.

शेठनी भिंग लावलं. त्यांनी तो मोती उचलला, तन्मण्याच्या सरातल्या मोत्यांना लावून बघितला, खिडकीपाशी जाऊन बघितला, त्याचं भोक बघितलं. बाळराजांनी सिगारेट पेटवली आणि ती ओढायची विसरले.

"एकाच सरातला आहे," शेठ म्हणाले. "पाणी तेच, भोकाचं वेज तेच. हा माल बाईसाहेबांचा आहे." त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवलं. "राजेसाहेब, माफ करा. हा कागद मला चालायचा नाही."

"शेठ, घराण्याचा मालक मी आहे," बाळराजे म्हणाले. त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता. ते पुढं झाले आणि त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "साज इथून हलणार नाही. कोर्टात जा म्हणावं काकीसाहेबांना. वीस वर्षं लागतील. तोवर मळ्यात खुशाल जप करा. आणि धोंडीराम, आठ दिवसांत जागा खाली कर."

आणि एवढं बोलून ते पेटी उचलणार, तोच चिकाचा पडदा वर गेला.

आईसाहेब बाहेर आल्या. परक्या पुरुषांसमोर, दिवसाढवळ्या, डोक्यावरचा पदर सारखा करत. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. बाळराजांनी नकळत एक पाऊल मागं घेतलं. आईसाहेबांनी पेटी उघडली, साज बाहेर काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"पटव," त्या म्हणाल्या. "आत्ता, इथंच. दोरा आत घाल."

"कोणतं रेशीम घालू, आईसाहेब?"

"हिरवं."

विधवेला हिरवं! शेठनीसुद्धा मान वर केली. मी पिशवीतून हिरवी लड काढली. मग मी बसले, पण भिंतीकडे तोंड करून नाही. चांगली वळून बसले, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवला आणि पाय लांब केला, थेट बाळराजांच्या खुर्चीसमोर. अण्णांनी ते बघितलं. मला वाटलं ओरडतील. ते खांबाला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "गाठ घट्ट मार."

बाळराजे काहीतरी बडबडत होते. पोलीस, वकील, बेइमान लोक. पण हात कुणाला लावणार? साज माझ्या मांडीवर होता, आईसाहेब माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि रसिकलालशेठ हाताची घडी घालून बघत बसले होते. मी सर नव्यानं पटवले नाहीत, त्याला दोन दिवस लागले असते. फक्त गोंडा बांधला. अर्धा तास लागला. त्याच्या पोटात चार आयांचा दोरा आणि राखीचा मोती परत गेला.

मी गाठ मारून दात लावून दोरा तोडला. तन्मणी पुढं केला. मला वाटलं त्या तो पेटीत ठेवतील. त्यांनी मान खाली वाकवली.

मी घाबरले. खरंच घाबरले. सरकारांकडे पाय करताना घाबरले नव्हते, पण विधवेच्या गळ्यात पाचू घालायला हात पुढं होईना.

"घाल, द्वारका," त्या हळूच म्हणाल्या. "पेटीतून कुणीही काढून घेईल. चुलतीच्या गळ्याला हात कोण लावतो बघू."

तेव्हा मला कळलं. बाविसाव्या वर्षी सासूनं गळ्यातून ओढून घेतला होता, कारण सासूला चालतं. पुतण्याला चालत नाही. आईसारख्या बाईच्या गळ्याला हात घालणारा मराठा सरदार करंजगडात तरी अजून जन्मला नव्हता, आणि बाळराजांना ते आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी तन्मणी घातला. चिंचपेटी बांधली. कुड्या त्यांनी स्वतः घातल्या. कानाची छिद्रं बुजत आली होती. त्यांनी दाबून घातल्या. डाव्या कानाशी रक्ताचा थेंब आला, तो त्यांनी पदरानं टिपला.

"काकीसाहेब," बाळराजे म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज खाली आला होता, "लोक काय म्हणतील?"

"तीस वर्षं लोक काही म्हणाले नाहीत," त्या म्हणाल्या. "आता म्हणू देत."

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. आठव्या दिवशी आमचं घर गेलं. शेवग्यासकट. आईसाहेबांनी चिंचपेटी आणि कुड्या रसिकलालशेठना विकल्या, खऱ्या नावानं, तवनूरच्या देसायांच्या लेकीच्या, आणि मिरजेत तीन खोल्यांचं घर घेतलं. तन्मणी शेवटपर्यंत विकला नाही. तिसरी खोली आम्हाला दिली. अण्णा तिथंच गेले. मी तिथंच दुकान टाकलं. आईसाहेब रोज सकाळी उठून पुढचं दार स्वतः उघडायच्या. दुसऱ्या कुणाला उघडू द्यायच्या नाहीत. मी आधी उठले तरी मला दाराशी थांबून राहायला लागायचं.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही तिघं दिवाणखान्यातून बाहेर पडलो. आईसाहेबांच्या हातात कपड्यांचं एक गाठोडं आणि तुळशीचे सुटे मणी बांधलेला रुमाल. मी सवयीनं मागच्या बोळाकडे वळले. राजवाड्यातल्या बायका आणि आम्ही कामकरी, दोघांचं जाणं-येणं तिकडूनच. वळून बघते तर आईसाहेब समोरच्या देवडीकडे चालल्या होत्या. चौकात रंगारी शिड्यांवरून बघत होते. उन्हात त्यांच्या गळ्यातला पाचू मला इतका हिरवा दिसला की मला ओरडावंसं वाटलं.

देवडीवरचा भिवा पहारेकरी तटकन उभा राहिला. तीस वर्षांत त्यानं त्यांना त्या दारात बघितलं नव्हतं.

"आईसाहेब, मागलं दार उघडतो," तो म्हणाला. "गाडी मागं लावायला सांगू?"

"गाडी नको," आईसाहेब म्हणाल्या. "हे दार उघड. दोन्ही फळ्या."